चेंडूवरचे जाळे

आषाढ-श्रावणात मेढ्याहून केळघरच्या घाटाकडे निघाले की दोन्ही अंगांना डोंगरउतारावर भाताची खाचरे लागतात. एकावर एक, पायऱ्यांसारखी. खाचरात पाणी उभे राहायचे तर बांध सगळीकडे एकाच पातळीत हवा. म्हणून तो सरळ जात नाही. डोंगर वळेल तसा वळतो, घळीपाशी आत शिरतो, सोंडेवर बाहेर येतो. वेण्णाकाठच्या शेतकऱ्याने ही विद्या कोणत्या पुस्तकात वाचलेली नाही. पण त्याने डोंगरावर जी रेघ ओढली आहे, तशीच रेघ सर्वेक्षण खात्याच्या नकाशावर तपकिरी रंगात छापलेली असते. पन्नास हजारात एक या प्रमाणाच्या नकाशावर अशा दोन रेघांमध्ये वीस मीटर उंचीचे अंतर धरतात. सवय झालेल्या माणसाला नुसत्या त्या रेघांवरून कागदावर अख्खा डोंगर उभा राहिलेला दिसतो.

वळणदार पृष्ठभाग एकदम हाती लागत नाही. त्याचे पट्टे करावेत, पट्ट्यांचे तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकडा जवळजवळ सपाट मानून हिशेब करावा, ही युक्ती आज संगणकाच्या पडद्यावर रोज वापरली जाते. समीकरणावरून एखादा पृष्ठभाग रेखाटायचा असेल तर यंत्रही हेच करते. आणि हीच युक्ती या सह्याद्रीच्या आसऱ्याला राहणाऱ्या एका माणसाने सुमारे पावणेनऊशे वर्षांपूर्वी, चेंडूच्या बाबतीत, पायरी पायरीने लिहून ठेवली. त्यांचे नाव भास्कराचार्य. लीलावतीमुळे ते घरोघरी माहीत आहेत, पण त्यांच्या या कामाची वाच्यता त्या मानाने फारच थोडी होते.

साताऱ्याकडच्या वाचकांच्या मनातला एक गोंधळ आधी दूर केलेला बरा. भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख पाटणला सापडला, असे म्हटले की आपल्याकडे कोयनाकाठचे पाटण डोळ्यांपुढे येते. ते पाटण हे नव्हे. हे पाटण जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावच्या दक्षिणेला, गौताळ्याच्या डोंगराच्या कुशीत आहे. तिथल्या भवानीच्या देवळातला हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. शके ११२८, म्हणजे इसवी सन १२०६-०७ चा हा लेख भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या कामाचा आहे. त्यात घराण्याच्या नऊ पिढ्या ओळीने येतात. त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, मग आपले भास्कराचार्य, त्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव. एका घरात पिढ्यान् पिढ्या विद्या कशी मुरत जाते याचा इतका जुना आणि इतका स्पष्ट पुरावा आपल्याकडे क्वचितच मिळतो.

स्वतःविषयी भास्कराचार्यांनी मोजकेच सांगितले आहे. जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४. गोत्र शांडिल्य. गाव सह्याद्रीजवळचे विज्जडविड. वडील महेश्वर हेच गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ पुरा केला. हे विज्जडविड नेमके कोणते यावर गेली दीडशे वर्षे वाद आहे. कुणी विजापूर म्हणतो, कुणी बीड. शिलालेख पाटणला असल्यामुळे आणि सह्याद्रीचा उल्लेख असल्यामुळे ते गाव पाटणच्याच परिसरात असावे, हे मत मला अधिक पटते. आपल्या मेढ्याजवळचा वैराटगड शिलाहार राजा दुसरा भोज याने बांधला असे मानतात. ते खरे असेल तर भास्कराचार्य उतारवयात करणकुतूहल लिहीत होते त्याच्या आगेमागे इथे या गडाचे दगड रचले जात होते. काळाचा अंदाज यावा म्हणून एवढे सांगितले.

सिद्धान्तशिरोमणीचे चार भाग. लीलावती हे अंकगणित आणि भूमिती, बीजगणित हा दुसरा भाग, ग्रहगणित हा तिसरा आणि गोलाध्याय हा चौथा. लीलावती ही त्यांची मुलगी आणि तिच्या लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रात मोती पडल्यामुळे टळला, ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते. ती अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरातून पसरली. म्हणजे भास्कराचार्यांनंतर चारशे वर्षांनी. शिलालेखात मुलगा आणि नातू आहेत, मुलीचा पत्ता नाही. गोष्ट गोड आहे आणि ती सांगू नये असे कुणी म्हणणार नाही. पण या गोष्टीने खऱ्या भास्कराचार्यांना थोडे झाकून टाकले आहे हेही खरे. लीलावतीतल्या भुंग्यांचे, मोराचे, तळ्यातल्या कमळाचे हिशेब आपल्याला पाठ असतात. त्याच पुस्तकात एके ठिकाणी चेंडूचे पृष्ठफळ येते, तिथे मात्र कुणी थांबत नाही.

नियम सोपा आहे. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढा, त्याला चाराने गुणा, की त्या वर्तुळाच्या चेंडूचे पृष्ठफळ आले. दुसऱ्या शब्दांत, परिघ गुणिले व्यास. हे पृष्ठफळ म्हणजे काय ते समजावताना आचार्यांनी चेंडूला चहूबाजूंनी वेढणाऱ्या जाळ्याची उपमा दिली आहे. दोऱ्याच्या जाळ्यात बसवलेला चेंडू डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक घर एक छोटा तुकडा, आणि सगळ्या घरांची बेरीज म्हणजे पृष्ठभाग. आज संगणकावर चित्र काढणारी मंडळी पृष्ठभागाच्या अशा तुकड्यांना जाळे हाच शब्द त्यांच्या भाषेत वापरतात, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

नियम तेवढा सांगून भागण्यासारखे नव्हते, कारण समोर लल्ल उभे होते. लल्ल हे आठव्या शतकाच्या सुमाराचे मोठे ज्योतिषी. त्यांचा शिष्यधीवृद्धिद हा ग्रंथ विद्यार्थ्यांच्या हातात असायचा आणि खुद्द भास्कराचार्यांनी त्यावर विवरण लिहिले होते. म्हणजे ज्यांचा ग्रंथ आपण इतरांना समजावून दिला, ते हे आचार्य. लल्लांनी गोलाचे पृष्ठफळ काढताना वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणले होते. क्षेत्रफळाला लांबीने गुणले तर घनफळाच्या जातीचे काहीतरी येते, पृष्ठफळ येत नाही, हे आज शाळेतला मुलगाही सांगेल. पण आकडे मोठे असले आणि सांगणारा मोठा असला की असली चूक शतकानुशतके खपून जाते. लल्लांच्या पृथ्वीचा व्यास १०५० योजने आणि परिघ ३३०० योजने. त्यांच्या रीतीने पृथ्वीचे पृष्ठफळ आले २८५ कोटी चौरस योजनांहून अधिक. परिघ गुणिले व्यास केले तर ते येते ३४ लाख ६५ हजार. चूक थोडीथोडकी नव्हे, आठशे पटींहून मोठी!

भास्कराचार्यांनी गोलाध्यायात हा विषय काढला आणि लल्लांचे नाव घेऊन काढला. आपल्या परंपरेत गुरुस्थानी असलेल्या ग्रंथकाराची चूक पुष्कळदा टीकेच्या आडोशाने, नाव न घेता सांगितली जाते. यांनी तसे केले नाही. पण नुसते खोडून काढून ते थांबलेही नाहीत, म्हणून त्यांचा मोठेपणा. त्यांनी आधी एक घरगुती प्रयोग सुचवला. चेंडूच्या परिघाच्या निम्म्याएवढा व्यास घेऊन कापडाचा गोल तुकडा कापा आणि तो चेंडूच्या वरच्या अर्ध्या भागावर पसरा. अर्धा चेंडू पुरता झाकतो आणि कापडाला चुण्या पडतात, म्हणजे कापड उरते. या कापडाचे क्षेत्रफळ चेंडूच्या मधल्या वर्तुळाच्या सुमारे अडीच पट भरते. तेव्हा अर्ध्या चेंडूचे पृष्ठफळ अडीच पटींहून कमीच असले पाहिजे. मग ते परिघाएवढ्या पटींनी कसे वाढेल? घरात चेंडू आणि जुन्या साडीचा तुकडा असेल तर मुलांना घेऊन रविवारी दुपारी हे अवश्य करून पाहावे. साधारण वीस मिनिटांचे काम आहे.

त्यानंतर येते खरी गणिताची रीत, किंबहुना दोन रीती. पहिलीत मातीचा किंवा लाकडाचा गोल घ्यायचा, त्याच्या माथ्यावर एक बिंदू धरायचा आणि परिघाच्या शहाण्णवाव्या भागाएवढ्या अंतरावर त्या बिंदूभोवती एक वर्तुळ काढायचे. मग दुप्पट अंतरावर, तिप्पट अंतरावर, असे करत चोवीस वर्तुळे काढली की आपण गोलाच्या कमरेशी पोचतो. डोंगराभोवतीचे बांधच म्हणा ना. दोन वर्तुळांमधली प्रत्येक पट्टी उलगडली तर जवळजवळ सरळ पट्टीसारखी होते. तिचे क्षेत्रफळ काढायचे आणि चोवीस पट्ट्यांची बेरीज करायची.

दुसरी रीत मला त्याहून आवडते. आवळ्याच्या अंगावर उभ्या रेघा असतात, तशा रेघांनी गोलाच्या फाकी करायच्या. परिघ ९६ हात धरा आणि फाकीही ९६ करा. मग प्रत्येक फाक कमरेशी एक हात रुंद, दोन्ही टोकांना शून्य. टोकापासून कमरेपर्यंत चोवीस हात लांबी. दर हाताला फाकीची रुंदी किती, हे ज्यांच्या कोष्टकातून मिळते. ज्या म्हणजे आजच्या शाळेतले साइन. कोष्टकात पाव वर्तुळाचे चोवीस भाग असतात, प्रत्येक भाग पावणेचार अंशांचा. शेजारच्या दोन रुंद्यांची सरासरी घ्यायची, चोवीस तुकडे मिळवायचे आणि खालच्या अर्ध्या फाकीसाठी दुप्पट करायचे. उत्तर येते ३० पूर्णांक ३३ साठांश. ९६ हात परिघ असलेल्या गोलाचा व्यास काढला तर तोही ३० पूर्णांक ३३ साठांश! एका फाकीचे क्षेत्रफळ व्यासाएवढे, आणि फाकी परिघाएवढ्या. परिघ गुणिले व्यास हा नियम असा हातात येतो.

हा हिशेब आजच्या साधनांनी तपासून पाहण्यासारखा आहे. चोवीस तुकड्यांची रीत काटेकोर केली तर फाकीचे क्षेत्रफळ ३०.५४७ येते. खरे मूल्य ३०.५५८. फरक साधारण अठ्ठावीसशेत एक भाग. पाव वर्तुळाचे चोवीसऐवजी सहाच भाग केले असते तर हा फरक पावणेदोनशेत एक भाग झाला असता. म्हणजे जाळे चौपट बारीक केले की चूक सोळा पटींनी घटते. चोवीस भाग भास्कराचार्यांनी नव्याने ठरवले नव्हते, ते आर्यभटांच्या काळापासून चालत आले होते. पण वळणाचा केवढा तुकडा सरळ मानायला हरकत नाही, याची जाण त्यांना नक्की होती. पृथ्वी गोल असेल तर सपाट का दिसते, या शंकेला त्यांनी गोलाध्यायातच उत्तर दिले आहे. परिघाचा शंभरावा भाग डोळ्यांना सपाटच दिसतो, आणि माणूस तर पृथ्वीपुढे केवढासा. शंभरावा भाग सपाट मानायचा आणि हिशेबाला शहाण्णवावा भाग घ्यायचा. दोन्ही गोष्टी एकाच मनातून आल्या आहेत असे वाटल्यावाचून राहत नाही.

ग्रीसमध्ये आर्किमिडीजने गोलाचे पृष्ठफळ मधल्या वर्तुळाच्या चौपट असते हे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच सिद्ध केले होते. त्यामुळे भास्कराचार्य जगात पहिले, असा टेंभा मिरवण्याचे कारण नाही. त्यांची वाट त्यांची स्वतःची आहे आणि ती कोष्टकातून, बेरजेतून, प्रत्यक्ष आकड्यांतून जाते. तो ज्योतिष्याचा पिंड आहे. ग्रहण केव्हा लागणार ते सांगायचे तर आकडा द्यावा लागतो आणि तो आकाशाशी ताडून पाहिला जातो.

आता थोडे आजच्या यंत्राकडे वळू. बीजगणिताला आपल्या जुन्या ग्रंथांत अव्यक्तगणित असेही नाव आहे. जे अजून प्रकट झालेले नाही अशा राशींचा हिशेब. पृष्ठभागांचीही अशी एक जात असते. गोलाचे समीकरण घ्या. तीन दिशांनी मोजलेल्या अंतरांचे वर्ग मिळवले की बेरीज २५ यावी, असे ते म्हणते. या जागी उंची इतकी आहे, असे ते सरळ सांगत नाही. एखादा बिंदू आपण पुढे केला तर तो आत आहे, बाहेर आहे की नेमका पृष्ठावर आहे, एवढेच त्यावरून कळते. पृष्ठभाग समीकरणात अव्यक्त असतो. त्याला पडद्यावर व्यक्त कसा करायचा?

त्याची एक गाजलेली रीत अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या विल्यम लॉरेन्सन आणि हार्वे क्लाइन या दोघांनी १९८७ साली प्रसिद्ध केली. त्यांच्यापुढे प्रश्न होता तो रुग्णाच्या शरीराच्या छेदचित्रांचा. एकावर एक रचलेल्या चित्रांतून हाडाचा किंवा कवटीचा पृष्ठभाग उभा करायचा होता. त्यांनी सगळी जागा छोट्या ठोकळ्यांत विभागली. प्रत्येक ठोकळ्याचे आठ कोपरे तपासायचे. काही आत आणि काही बाहेर असतील तर पृष्ठभाग त्या ठोकळ्यातून गेला असला पाहिजे. मग कडांवर तो कुठे छेद घेतो याचा अंदाज करून तिथे एकदोन त्रिकोण बसवायचे आणि पुढच्या ठोकळ्याकडे जायचे. शेवटी उरते ते त्रिकोणांचे जाळे.

यात फसगत होण्याच्या जागाही आहेत. एका प्रचलित गणिती आज्ञावलीत प्रत्येक दिशेला मुळात ३५ बिंदू घेतात. म्हणजे एकूण ४२,८७५ ठिकाणी तपासणी. दुप्पट बारकाई हवी तर बिंदू आठपट होतात आणि यंत्र दमते. जाळे विरळ ठेवले तर पातळ पापुद्रा किंवा अरुंद मान दोन बिंदूंच्या मधून निसटते. शंकूचे टोक बोथट दिसते. त्याहून चमत्कारिक प्रकार असा, की गोलाच्या समीकरणातला २५ एका बाजूला आणून सगळ्याचा वर्ग केला तर बिंदू तेच राहतात, पण आत आणि बाहेर दोन्हीकडे उत्तर धनच येते. चिन्ह बदलत नाही, आणि यंत्र कोरा पडदा दाखवते. गोल असूनही गोल नाही! अशा वेळी पडद्यावर आले तेच खरे मानणाऱ्याची अवस्था लल्लांचा आकडा शिरोधार्य मानणाऱ्यासारखी होते. कापडाचा तुकडा घेऊन पडताळा पाहण्याची सवय तिथे उपयोगी पडते. व्यवहारात त्यासाठी जाळे बारीक करून चित्र बदलते का ते पाहतात, किंवा ज्याचे पृष्ठफळ आधीच ठाऊक आहे असा गोल काढून यंत्राची परीक्षा घेतात.

भास्कराचार्यांचे पुढचे आयुष्य ग्रंथांवरून दिसते तेवढेच. सिद्धान्तशिरोमणीवर त्यांनी स्वतः वासनाभाष्य लिहिले; वर सांगितलेल्या दोन्ही रीती त्यातच उलगडून दाखवलेल्या आहेत. नियम पद्यात आणि त्याचे कारण गद्यात, ही त्यांची पद्धत. कारण सांगितल्याशिवाय त्यांचे समाधान होत नसे. ११८३ च्या सुमारास, वयाच्या सत्तरीला टेकलेले असताना, त्यांनी पंचांग करणाऱ्यांच्या सोयीसाठी करणकुतूहल हा सुटसुटीत ग्रंथ रचला. त्यांच्या ग्रंथांवर टीका लिहिणाऱ्यांची रांग पुढे शतकानुशतके लांबत गेली. त्यात कोकणातल्या नांदगावचे, ग्रहलाघवकार गणेश दैवज्ञ यांची १५४५ ची बुद्धिविलासिनी विशेष मानली जाते. इंग्रजीत टेलर आणि कोलब्रुक यांची भाषांतरे १८१६ आणि १८१७ मध्ये निघाली. मराठीत शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्यांची साक्षेपी ओळख करून दिली. भारताने १९७९ आणि १९८१ मध्ये पृथ्वीच्या निरीक्षणासाठी सोडलेल्या दोन उपग्रहांना भास्कर हे नाव दिले गेले. पृथ्वीच्या पृष्ठफळावरून ज्याने वाद घातला, त्याच्या नावाचे उपग्रह त्याच पृष्ठावर नजर ठेवीत फिरले.

मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपाल याने पाटणहून बोलावून नेले आणि आपल्या पंडितांचा प्रमुख केले. नातू चांगदेव सिंघण यादवाच्या दरबारी ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला आणि त्या भागाचे अधिपती निकुंभ घराण्यातील सोन्हदेव व हेमाडिदेव यांनी त्याला दाने दिली. शिलालेखाचा बहुतेक भाग संस्कृत श्लोकांत आहे. शेवटी मात्र भाषा बदलते आणि गावच्या लोकांना समजेल अशा मराठीत व्यवहार लिहिलेला आहे: पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावर आणि तेलाच्या घाण्यांवर मठासाठी काय द्यायचे ते.